शाळेच्या रॅकमध्ये नवा स्विच: आधी टेबलावर चालवा, मग भिंतीवर चढवा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेने 24 पोर्टचा मॅनेज्ड (आत शिरून सेटिंग करता येणारा) पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबलीतूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा, आणि भिंतीवर लावायचा 12 यू रॅक (यू हे रॅकच्या उंचीचं माप) घेऊन दिलाय. पुरवठादार खोकी ठेवून गेला आणि ‘संगणक तुम्हीच शिकवता ना’ म्हणून काम तुमच्या गळ्यात आलंय. लॅबमध्ये 30 मशीन, तीही जुन्या दोन 16 पोर्टच्या साध्या स्विचवर. ऑफिसात पाच मशीन, शिवाय आठ कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एक एनव्हीआर, वाय-फायचे तीन अ‍ॅक्सेस पॉइंट आणि इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर. त्यात गेटवरचा कॅमेरा इमारतीपासून 120 मीटरवर. कुठून सुरुवात करू, असं विचारलंय तुम्ही.

सुरुवात टेबलावरून करा. रॅक अजून भिंतीवरही लावू नका.

बहुतेक जण उलटं करतात. रॅक ठोकला, स्विच कसला, केबली खुपसल्या, आणि मग स्टुलावर उभं राहून एका हातात लॅपटॉप धरून सेटिंग चालू. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं. स्विच रॅकमध्ये गेला की सगळे ‘झालं का सर?’ म्हणून मागे उभे राहतात आणि माणूस घाईत चुका करतो. टेबलावर बसून, चहा शेजारी ठेवून केलेल्या सेटिंगमध्ये निम्म्या चुका जागच्या जागी सापडतात.

खोकं उघडलं की पहिल्यांदा दोन गोष्टी बघा. एक, स्विचच्या बाजूला लावायचे दोन लोखंडी कान आणि त्यांचे बारीक स्क्रू. ते स्क्रू जपून ठेवा. हरवले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून लांब स्क्रू आणून पिळले, तर ते आतल्या बोर्डापर्यंत पोहोचू शकतात. दोन, पॉवर कॉर्ड. कधीकधी खोक्यात युरोपातली दोन गोल पिनांची कॉर्ड निघते. ती आपल्या सॉकेटमध्ये आरामात बसते, दिवाही लागतो, पण तिचं अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांना असतं आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना काहीच टेकत नाही. म्हणजे स्विच बिनअर्थिंगचा चालतोय. आपली तीन पिनांची कॉम्प्युटरची कॉर्ड किरकोळीत मिळते, तीच लावा.

आता जोडणी. स्विचवर ‘कन्सोल’ लिहिलेलं पोर्ट असेल तर त्यातूनच आत शिरा. नव्या लॅपटॉपना सीरियल पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी ते सीरियल केबल लागेल. लॅपटॉपवर पुटी हा कन्सोलचा प्रोग्राम उघडून वेग 9600, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. स्क्रीनवर चिनी-जपानीसारखा कचरा उमटला तर स्विच बिघडलेला नाही, वेग चुकलाय. काही कंपन्या 115200 वापरतात. कन्सोल नसेल तर मागच्या स्टिकरवर छापलेल्या पत्त्यावर ब्राउझरने जा. त्यासाठी लॅपटॉपला त्याच मालिकेतला आयपी हाताने द्यावा लागतो. या वेळी स्विच शाळेच्या नेटवर्कला अजिबात जोडू नका. कारखान्यातून आलेला पत्ता आणि तुमच्या राउटरचा पत्ता एकच निघाला तर अख्ख्या शाळेचं नेट गटांगळ्या खायला लागतं आणि कारण कुणालाच कळत नाही.

आत गेल्यावर फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, आधी नवं करून घ्या, कारण काही वेळा त्यात सेटिंग पुसली जाते. मग पासवर्ड बदला, टेलनेट (दुरून आत शिरायचा उघडा मार्ग) बंद करा, एसएसएच (त्याचाच सुरक्षित प्रकार) चालू ठेवा, घड्याळाला साडेपाच तासांचा फरक सांगा. घड्याळाचं लोक सोडून देतात, आणि मग ‘मंगळवारी रात्री कॅमेरे का बंद पडले’ हे शोधताना लॉगमध्ये 1970 सालची तारीख दिसते. स्विचला स्वतःचा एक पक्का आयपी द्या आणि तो राउटरच्या डीएचसीपी वाटपाच्या, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या, बाहेरचा असू द्या.

आणि सेव्ह करा. पुष्कळ स्विचवर तुम्ही दाबलेलं ‘अप्लाय’ फक्त चालू मेमरीत जातं. ते कायम ठेवायला ‘सेव्ह कॉन्फिगरेशन’ हे वेगळं बटण असतं, बऱ्याचदा कोपऱ्यात लपलेलं. एका शाळेत मी दिवसभर राबून सगळं लावून दिलं, ऑफिसात वडापाव खाल्ला आणि गाडीला किक मारली. शिपाई मामांनी रोजच्या शिस्तीप्रमाणे संध्याकाळी मेन स्विच पाडला. सकाळी पावणेआठला फोन: ‘सर, काल तुम्ही काय केलंत?’ काहीच केलं नव्हतं मी, हीच तर अडचण होती. तेव्हापासून टेबलावरची सेटिंग संपली की मी स्विचची पिन स्वतः उपटतो, दहा मिनिटं थांबतो, पुन्हा लावतो आणि सगळं जागेवर आहे का बघतो.

आता व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं. तुमच्या मनात ऑफिस वेगळं, लॅब वेगळी, कॅमेरे वेगळे असा आराखडा आहे आणि तो बरोबरच आहे. ज्या ऑफिसच्या मशीनवरून शालार्थची पगारबिलं आणि यू-डायसची माहिती भरली जाते, ते दहावीच्या पोरांच्या हाताशी असू नये. पण इथेच बहुतेकांची गाडी अडते. स्विचवर चार व्हीलॅन केले आणि दुसऱ्या मिनिटाला कुणालाच नेट नाही.

कारण सोपं आहे. व्हीलॅन म्हणजे एका स्विचचे मनानेच केलेले तीन-चार तुकडे. फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या एका पुडक्यात, चार बाइटची चिठ्ठी घालून, म्हणजे 802.1क्यू नावाच्या प्रमाणानुसार, कोणता डेटा कोणत्या तुकड्याचा हे ठरतं. हे तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत, तेच तर आपल्याला हवं होतं. मग राउटर कोणत्या तुकड्यात बसवणार? ज्या तुकड्यात बसला त्यालाच नेट मिळणार. सगळ्यांना द्यायचं तर राउटरला त्या चिठ्ठ्या वाचता आल्या पाहिजेत आणि प्रत्येक तुकड्यासाठी वेगळी आयपी मालिका वाटता आली पाहिजे. इंटरनेटवाल्याने फुकट दिलेल्या डब्याला सहसा हे जमत नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला: आज फक्त कॅमेरे वेगळे काढा. आठ कॅमेरे आणि एनव्हीआर व्हीलॅन 30 मध्ये, बाकी सगळं आहे तसं एकात. कॅमेऱ्यांना एनव्हीआरशी बोलायला राउटर लागतच नाही, त्यामुळे काही अडणार नाही. मुख्याध्यापकांना मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतील (असणारच), तर एनव्हीआरला दुसरं लॅन पोर्ट आहे का बघा. असेल तर तेवढं एक पोर्ट नेटच्या बाजूला द्या. एकच पोर्ट असेल तर मोबाइलचं काम चांगला राउटर येईपर्यंत थांबवा, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

लॅब आणि ऑफिससाठी तोवर ‘पोर्ट आयसोलेशन’ वापरा. बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये ते असतं: लॅबकडे जाणाऱ्या दोन पोर्टांनी फक्त राउटरच्या पोर्टाशी बोलायचं, ऑफिसच्या पाच पोर्टांशी नाही, असं सांगता येतं. एकाच मालिकेतले आयपी राहतात, राउटरला पत्ताही लागत नाही, आणि मुलांना ऑफिसचा प्रिंटर दिसत नाही. पुढच्या अंदाजपत्रकात व्हीलॅन कळणारा राउटर मागा, तेव्हा ऑफिस 10, लॅब 20 अशी नीट वाटणी करू.

ज्या पोर्टावरून तुम्ही स्विचमध्ये शिरला आहात, त्याचा व्हीलॅन बदलू नका. फांदीवर बसून तीच फांदी तोडण्याचा प्रकार होतो तो. कन्सोल केबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर 24 नंबरचं पोर्ट देखभालीसाठी राखून ठेवा आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नका.

लॅबमधल्या साध्या स्विचमुळे आणखी एक धोका आहे, आणि शाळेत तो हमखास येतो. कुणीतरी मोकळी लोंबणारी केबल ‘सुटलीय वाटतं’ म्हणून त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचतो. झाला फेरा. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते, म्हणून एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप) त्या फेऱ्यात गरागरा फिरत राहतो, त्याच्या प्रती निघत राहतात आणि काही सेकंदांत सगळे दिवे एकदम लकलकायला लागतात. यावरचा उपाय, म्हणजे फेरा ओळखून त्यातला एक रस्ता बंद ठेवणारी स्पॅनिंग ट्री ही पद्धत, राडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना काढला. मुलांना सांगायला छान गोष्ट आहे. तिचा वेगवान प्रकार, रॅपिड स्पॅनिंग ट्री, चालू ठेवा. मशीन, कॅमेरे आणि लॅबच्या पोर्टांवर ‘एज’ किंवा ‘पोर्टफास्ट’ (पोर्ट लगेच सुरू करणारं सेटिंग) आणि त्याच्या जोडीला ‘बीपीडीयू गार्ड’ लावा. बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच पाठवतो तो निरोप. पोर्टफास्ट नसेल तर जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट सुरू व्हायला 30 सेकंद जातात, तेवढ्यात मशीन आयपी मागून कंटाळतं आणि 169.254 ने सुरू होणारा स्वतःचाच पत्ता घेऊन बसतं. गार्डमुळे फेरा झाला की स्विचचा स्वतःचाच निरोप लॅबमधून फिरून परत येतो आणि तेवढंच पोर्ट बंद पडतं. ऑफिस चालू राहतं. काही स्वस्त साधे स्विच हा निरोप वाटेतच गिळून टाकतात. म्हणून ‘लूप डिटेक्शन’ आणि ‘स्टॉर्म कंट्रोल’ हे पर्याय दिसले तर तेही चालू करा. मग टेबलावरच लॅबमधला एक स्विच आणून, एक पॅच कॉर्ड मुद्दाम त्याच्याच दोन पोर्टांत खोचून बघा. पोर्ट बंद पडलं तर तुमचं काम चोख.

पीओईचं गणित कागदावर करा. खोक्यावर ‘24 पोर्ट पीओई’ लिहिलेलं असतं, पण एकूण वॅट किती ते बारीक अक्षरात. पीओईच्या 802.3एएफ या प्रमाणात स्विच एका पोर्टाला जास्तीत जास्त 15.4 वॅट देतो, 802.3एटी या प्रमाणात 30. चोवीसही पोर्टांना 15.4 द्यायचे तर 370 वॅट लागतात. एकूण 190 वॅटचा स्विच असेल तर तशा बाराच पोर्टांचं भागतं. तुमचं मोजू. कॅमेऱ्याच्या कागदावर कमाल आकडा 12 वॅट धरला तर आठांचे 96. अ‍ॅक्सेस पॉइंट 20 धरला तर तिघांचे 60. झाले 156. चालेल, पण फार सैल नाही. कॅमेरा दिवसा यातला निम्माही घेत नाही, म्हणून दुपारी सगळं ठाकठीक दिसतं. अंधार पडला की इन्फ्रारेडचे दिवे लागतात आणि वॅट चढतात. ‘कॅमेरे फक्त रात्री बंद-चालू होतात’ ही तक्रार आली की मी आधी वॅटच बघतो. स्विचमध्ये पोर्टांचा अग्रक्रम ठरवता येतो: कॅमेऱ्यांना वरचा द्या, वाय-फायला खालचा. वीज कमी पडली तर आधी वाय-फाय जाईल.

आता रॅक. भरलेला 12 यू रॅक 30-40 किलोंच्या घरात सहज जातो. साडेचार इंची पार्टिशनच्या भिंतीवर प्लास्टिकच्या गट्ट्या मारून तो टांगू नका. नऊ इंची भिंत आणि लोखंडी अँकर फास्टनर हवेत. यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या रॅकमध्ये नकोत, खाली जमिनीवर, चार इंच उंच लाकडी फळीवर ठेवा. पुढेमागे याच रॅकमध्ये सर्व्हर बसवू असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. भिंतीवरचे रॅक सहसा 600 मिलिमीटर किंवा त्याहून कमी खोल असतात, त्यात नेहमीचा रॅक सर्व्हर मावत नाही. जागा निवडताना वरून पाण्याची टाकी किंवा स्वच्छतागृहाची पाइप जात नाही ना, हे पावसाळ्यातले ओलाव्याचे डाग बघून ठरवा.

एक यू म्हणजे पावणेदोन इंच, 44.45 मिलिमीटर, आणि त्यात तीन चौकोनी भोकं. भोकांमधलं अंतर सारखं नसतं, हे नव्या माणसाला माहीत नसतं. दोन अंतरं रुंद आणि एक अरुंद. अरुंद अंतराच्या मधोमध एक यू संपून दुसरा सुरू होतो. ते न बघता केज नट (चौकोनी भोकात बसणारे, स्क्रू धरणारे नट) लावले की एका बाजूचं भोक जुळतं, दुसऱ्या बाजूचं वर-खाली राहतं. पट्टीवर आकडे छापलेले असतील तर दोन्ही बाजूंना तोच आकडा बघा. नसतील तर वरून मोजून मार्करने खूण करा.

केज नट आतल्या बाजूने बसवायचा. एक कान भोकाच्या कडेत अडकवायचा, दुसरा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने दाबत दाबत आत ढकलायचा, आणि ‘टक’ आवाज आला की बसला. अंगठ्याने ढकलाल तर नखाखाली जाईल. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. तो उडाला की रॅकच्या मागेच पडतो, म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. स्विच चढवताना दोन माणसं लागतात: एकाने खालून धरायचा, दुसऱ्याने दोन्ही बाजूंचे स्क्रू आधी नुसते अडकवायचे आणि स्विच आडवा सरळ झाल्यावरच कसायचे.

क्रम असा ठेवा: वर पॅच पॅनल (भिंतीतून आलेल्या केबली जिथे पंच होतात ती पट्टी), त्याखाली एक यूचा केबल मॅनेजर, त्याखाली स्विच, मग एक यू मोकळा, खाली राउटर आणि एनव्हीआरसाठी ट्रे. स्विचची हवा बहुधा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते, तिथे केबलींचा गठ्ठा दाबू नका. रॅकला दार असेल तर छतावरचा पंखा खरोखर फिरतोय का बघा. रॅकच्या तळातलं केबलीचं भोक उघडं ठेवू नका, उंदीर आणि पाल दोघंही तिथूनच शिरतात. ब्रश पट्टी नसेल तर फोम कापून बसवा.

वीज जोडण्याआधी मल्टिमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला व्होल्टेज मोजा. तीन व्होल्टच्या आत असेल तर मी पुढे जातो. पंधरा-वीस दिसले तर काम थांबवून वायरमनला बोलावतो, मग कुणी कितीही घाई करो. रॅकच्या बॉडीला हिरवी-पिवळी वायर जोडायची आणि दाराला वेगळी, कारण बिजागरीतून अर्थिंग नीट जाईलच असं नाही.

केबलीबद्दल एकच विनंती. संस्थेने आणलेला 305 मीटरचा खोका नेहमीपेक्षा हलका आणि स्वस्त असेल तर एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट चमक दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. ते पीओईला गरम होतं आणि टोकाला वाकवलं की तुटतं. परत करा. पंच करताना दोन्ही टोकांना टी568बी हाच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबली वेल्क्रोने बांधा, प्लास्टिकचे टाय करकचून आवळू नका. आणि प्रत्येक केबलीच्या दोन्ही टोकांना तोच नंबर लावा. मास्किंग टेप नको, जुलैच्या दमट हवेत ती गळून रॅकच्या तळाशी जमा होते.

सगळं लागल्यावर पोर्टांच्या दिव्यांचा रंग बघा. ज्या मशीनला गिगाबिट कार्ड आहे तिथे 100 चा रंग दिसत असेल तर सेटिंगमध्ये डोकं घालू नका, केबल बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला फक्त नारिंगी आणि हिरवी. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटलीय. दहा मिनिटांचं पंचिंगचं काम आहे. मग कोणत्या पोर्टात काय आहे याचा एक कागद लॅमिनेट करून दाराच्या आतून चिकटवा. सेटिंगची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात, नाहीतर तुमची बदली झाल्यावर नव्या माणसाला सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागेल.

राहिला गेटवरचा कॅमेरा. तांब्याच्या केबलीची हद्द 100 मीटर, तीही पॅच कॉर्ड धरून, त्यामुळे 120 बसत नाही. काही पीओई स्विचवर ‘एक्स्टेंड’ नावाचं बटण असतं, ते वेग 10 एमबीपीएसवर आणून 250 मीटरपर्यंत चालवतं, आणि एका कॅमेऱ्याला तेवढा वेग पुरतो. तुमचा विक्रेता तेच सुचवेल. मी नाही सुचवणार. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की कंपाउंडच्या भिंतीवरून आलेली ती लांब तांब्याची केबल सगळा दणका थेट स्विचमध्ये आणते. एका कॅमेऱ्यापायी ओळीने सहा-सात पोर्ट मेलेले मी पाहिलेत. गेटपर्यंत सिंगल मोड फायबर टाका, स्विचच्या एसएफपी पोर्टात (फायबरसाठीच्या खाचेत) मॉड्यूल आणि गेटच्या केबिनमध्ये फायबरचं पुन्हा तांब्याच्या केबलीत रूपांतर करणारा मीडिया कन्व्हर्टर. काच वीज वाहत नाही. कॅमेऱ्याला तिथल्याच सॉकेटवरून छोटा पीओई इंजेक्टर (केबलीत वीज सोडणारा डबा) द्या. फायबर जोडणारा माणूस एका सकाळीत काम उरकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत चर खणायला मैदान मोकळं मिळेल, पण वळीव त्याच सुमाराला येतो, म्हणून परीक्षा संपल्या संपल्या त्याला बोलवा. तोवर गेटची तांब्याची केबल रॅकमध्ये आणू नका.